फक्कीचं स्वयंपाकघर

आमच्या गावात एक गृहस्थ असे आहेत, की जे उघड्या मैदानात शिरण्याआधी चपला काढतात. स्वतः काढतात ते काढतात, वर दुसऱ्यालाही काढायला लावतात! मैदान म्हणजे सरकारी दवाखान्यासमोरचा, रस्त्यापलीकडचा रिकामा प्लॉट. तेव्हा तिथे ना भिंत होती ना पायरी. जमिनीवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा तेवढ्या ओढलेल्या. मी पहिल्यांदा गेलो तो आपला सरळ चालत मधोमध जाऊन उभा राहिलो, तर केवढ्याने ओरडावं माझ्यावर!

"अरे सुधाकर, भिंतीतून काय येतोस? दार तिकडे आहे!"

मी खाली बघितलं. माझ्या टाचेखाली एक रेघ पुसली गेली होती. चहाच्या ठेल्यावरचे चार लोक माझ्याकडे बघून हसत होते. मुकाट्याने मागे फिरलो, रस्त्यावर आलो आणि जिथे रेघ तुटलेली होती तिथून आत शिरलो.

"चपला," नाना म्हणाले.

काढल्या. वैशाखातलं बऱ्हाणपूर, सकाळी दहाचं ऊन. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागलो. "नाना, पाय भाजताहेत हो!"

"भाजणारच. छप्पर कुठंय अजून? ते घालायचंय म्हणून तर तुला बोलावलं."

तर हे नाना चौधरी. सरकारी बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसिअर. माझा शनवारा मोहल्ल्यात छापखाना आहे आणि नानांचं घर त्याच गल्लीत, चार घरं सोडून. त्यामुळे हा माणूस मला लहानपणापासून भोगावा लागला आहे. खिशात रुमाल नसेल पण ओळंबा असणार. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं ते पितळी वजन, गवंडी ज्याने भिंत सरळ आहे का बघतात. माझ्या लग्नात भटजी मंगलाष्टकं म्हणताहेत, मी हार हातात धरून उभा, आणि नाना मांडवाच्या खांबाला ओळंबा लावून बघताहेत. "खांब कलला आहे," ते मोठ्यांदा म्हणाले, "कच्चं काम नको." मांडववाल्याने खांब सरळ केला, तेव्हा कुठे त्यांनी अक्षता टाकल्या. बायको अजून म्हणते, आपलं लग्न ओव्हरसिअरने पास केलेलं आहे.

दुसरा त्यांचा छंद चहाचा. म्हणजे चहा पिण्याचा नाही, तो परत करण्याचा! ग्लास हातात आला की आधी गालाला लावून बघायचा. चटका बसला तर प्यायचा, नाहीतर "गारढोण आहे, उकळून आण" म्हणून परत. त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्यापासून त्यांचा जेवणाचा डबा एका खानावळीतून येतो. डबेवाल्याला त्यांनी भाजी कुठली, मीठ किती, असं कधी म्हणून विचारलं नाही. एकच प्रश्न, "गरम आहे का?" लोक हसायचे. मीही हसायचो. म्हातारपणी एकेकाला एकेक खूळ लागतं, त्यातलं हे एक.

आता त्या प्लॉटचं सांगतो. आमची एक छोटी संस्था आहे. संस्था म्हणजे मी, नाना आणि शनवाऱ्यातले आणखी पाच-सात रिकामटेकडे. सणावाराला दवाखान्यात जाऊन केळी वाटायची, फोटो काढायचा, घरी यायचं. पण केळी वाटताना एक गोष्ट सगळ्यांनाच दिसायची. धूलकोटकडून, तुकईथडकडून, पार डोंगरातल्या पाड्यांवरून पेशंट येतो. पेशंटला खाट मिळते. त्याच्यासोबत आलेल्यांनी काय करायचं? कोणी झाडाखाली, कोणी दुकानाच्या ओट्यावर, गाठोडं उशाला घेऊन पडलेले. एका निपुत्रिक आजीबाईंनी हे बघितलं आणि आपला प्लॉट संस्थेला देऊन टाकला. म्हणाल्या, ह्यांच्यासाठी काहीतरी बांधा. जमीन मिळाली आणि आमची झोप उडाली. बांधायचं कशाने? संस्थेच्या पेटीत तेव्हा केळ्यांपुरतेच पैसे असायचे.

अध्यक्ष गोविंदशेठ, कापडाचे मोठे व्यापारी. त्यांनी मला प्रचारप्रमुख केलं. छापखाना माझा, म्हणजे छपाई फुकट, हा त्यातला साधा हिशेब. मीही पेटलो. रातोरात एक झकास फ्लेक्स केला. वर 'दान करा, पुण्य कमवा', खाली सगळ्या कार्यकारिणीचे हात जोडलेले फोटो, गोविंदशेठचा सगळ्यात मोठा. नानांनी तो उलगडला, बघितला आणि नीट घडी घालून काखेत मारला.

"चांगला आहे. सिमेंटच्या पोत्यांवर झाकायला होईल."

"अहो पण लोकांना कळायला नको का?"

"अर्धं पोट भरल्याशिवाय ढेकर द्यायचा नाही," नाना म्हणाले. "रिकाम्या ताटात पहिला घास कोणी वाढत नाही, सुधाकर. वाढलेलं ताट दिसलं की मग सगळे वाढतात. आधी गुपचूप अर्धं जमवू. मग लाव तुझे फ्लेक्स."

आणि ते अर्धं कुठून सुरू करायचं? आमच्यापासून! स्वतःच्या खिशाला चटका बसल्याशिवाय दुसऱ्याच्या खिशाकडे बघायचं नाही, हा नानांचा नियम. त्या मीटिंगमध्ये गोविंदशेठना जो खोकला लागला तो चहा येईपर्यंत थांबला नाही. पण नाना हलले नाहीत, आणि शेवटी प्रत्येकाने दिलं.

त्यानंतर सुरू झाला तो फक्कीचा उद्योग. नाना रोज सकाळी प्लॉटवर जायचे आणि नकाशाबरहुकूम रेघा मारायचे. हा हॉल, ह्या बायकांच्या खोल्या, ह्या पुरुषांच्या, हे न्हाणीघर. रात्रीतून बकऱ्या येऊन रेघा विस्कटायच्या, सकाळी परत फक्की. बकरीवालीला त्यांनी बजावलं होतं, बकऱ्या चरू देत, पण दारातून आण. मोठा देणगीदार गाठायचा आणि त्याला प्लॉटवर आणायचं. चपला काढायला लावायच्या. दारातून आत घ्यायचं, खोलीत खुर्ची मांडून बसवायचं, वाफाळता चहा द्यायचा, आणि पैशाचा शब्दही काढायचा नाही. "आधी आत या, मग बोला," हे त्यांचं पालुपद. बसलेला माणूस पाचेक मिनिटांनी आपणच म्हणायचा, "नाना, इथे खिडकी मोठी पाहिजे बरं का." झालं! ज्याला खिडकी मोठी पाहिजे तो कसला सुटतोय?

एकदा तर कहर झाला. केळीचे दोन व्यापारी, सख्खे भाऊ, बापाच्या वाटणीपासून एकमेकांचं तोंड बघत नव्हते. नानांनी दोघांना शेजारशेजारच्या खोल्या दिल्या आणि एकाच वेळी बोलावलं. मी म्हटलं, "नाना, आज डोकी फुटतील." थोड्या वेळाने थोरला उठला आणि म्हणाला, "ही भिंत माझ्या बाजूला सरकलीये." धाकटा तट्‌कन म्हणाला, "सरकली नाही, तू आधीपासून असाच आहेस!" मग काय, फक्कीच्या एका रेघेवरून दोघं असे भांडले, असे भांडले, की रिक्षावाले थांबून बघायला लागले. बाप, आई, केळीचा मळा, सगळं निघालं. नाना शांतपणे टेप घेऊन वाकले.

"भिंत दोघांची. निम्मी निम्मी. पाडायची तर दोघांनी मिळून पाडा."

भांडण तिथेच थांबलं. दोघांनी आपापल्या खोलीचे पैसे दिले. जाताना एकाच गाडीतून गेले असं मी म्हणणार नाही, पण धाकट्याने थोरल्याच्या चपला पायाने त्याच्याकडे सरकवल्या, हे मी डोळ्यांनी बघितलं. "बोलले तरी," नाना म्हणाले आणि त्या दिवशी जरा कोमट चहाही चालवून घेतला.

असं सगळं छान चाललं होतं. अडलं ते एका चौकोनापाशी.

प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात नानांनी एक चौकोन आखला होता. स्वयंपाकघर. पेशंटच्या माणसांना आपलं आपलं शिजवून घेता यावं म्हणून चार शेगड्या, ओटा आणि नळ. प्रत्येक देणगीदाराला नाना तिथे आवर्जून न्यायचे, आणि प्रत्येक जण तिथून पुढे सटकायचा. वडिलांचं नाव हॉलवर हवं, दर्शनी खोलीवर हवं. धुराने काळ्या होणाऱ्या भिंतीवर बापाचं नाव कोण लावणार? त्यातच गोविंदशेठनी एक पार्टी आणली. रस्त्याच्या बाजूने मोठी दगडी कमान, तीवर पार्टीच्या वडिलांचं नाव. देणगी भरभक्कम. पण तिचा मोठा भाग कमानीतच जाणार, आणि उरलेल्यात स्वयंपाकघर काही बसत नव्हतं.

"नाना, ह्या किचनच्या चक्करमध्ये पूरी बिल्डिंग अटकून जाईल," गोविंदशेठ म्हणाले. "समोर सतराशे साठ ठेले आहेत. पोहे घ्या, पुरी-भाजी घ्या, जे पाहिजे ते मिळतं. किचन पाहिजेच कशाला?"

"कमान खाता येत नाही," नाना म्हणाले.

"पण दिसते! लोक बघतील तर आणखी देतील. सुधाकर, तू बोल."

मी छापणारा माणूस. कमान फोटोत चांगली येते, एवढं मी बोललो. मला वाटलं, नाना आता ओळंबा काढून आम्हा दोघांनाही सरळ करतील. पण त्यांनी खिशात हातसुद्धा घातला नाही. उठले, दारातून बाहेर गेले, चपला घातल्या आणि निघून गेले. स्वयंपाकघरासाठी एवढं जिवाला लावून घेण्यासारखं काय आहे, मला कळेना. रविवारी सकाळी प्लॉटवरच बसायचं आणि कमान की स्वयंपाकघर ह्याचा सोक्षमोक्ष लावायचा असं ठरलं.

रविवारी आम्ही पोचलो तर प्लॉटवर धूर.

दाराशी, म्हणजे रेघ तुटली होती तिथे, चपलांचे दोन जोड नीट लावून ठेवलेले. आमच्यापैकी कोणाचेच नाहीत. थोरल्या भावाने दिलेल्या खोलीत एक वळकटी आणि तिला टेकून बसलेला एक माणूस. आणि मागच्या कोपऱ्यातल्या चौकोनात तीन दगडांची चूल, वर काळं पातेलं, आणि एक बाई काहीतरी ढवळत बसलेली.

"अरे, ये कौन घुस आया?" म्हणत गोविंदशेठ तरातरा तिकडे निघाले. हॉलच्या भिंतीतून, न्हाणीघरातून, सरळ चौकोनात.

बाईने वर बघितलं आणि अशी काही खेकसली, "ओ दादा! चपला घालून सैपाकघरात कुठं चालले?"

ज्यांची गाडी आली की अख्खं कापड मार्केट उठून उभं राहतं ते गोविंदशेठ, जागच्या जागी थांबले. त्यांनी खाली बघितलं. मग बाईकडे. मग हळूच वाकून, एका हाताने धोतर सावरत, त्यांनी चपला काढल्या आणि हातात धरल्या. ठेवणार कुठे? दार लांब होतं.

बाई तुकईथडची, वळकटीला टेकलेला तो तिचा नवरा. सासू दवाखान्यात भरती. "तिले हाटेलातलं पचत नाही," ती सांगू लागली. "काल पुरी देल्ली, वापस आली. मंग चहावाल्याले पुसलं, भाऊ, इथं कुठं चूल मांडू का? तो म्हने, समोर जाय, पन चपला काढून दारातून जाय, मंग बाबा काही म्हनत नाही. सैपाकघर कोन्तं तेबी त्यानंच दाखवलं."

"पर यहाँ तो कुछ है ही नहीं," गोविंदशेठ चपला हातात घेऊन म्हणाले.

"भित नाही तं काय झालं? जागा तं हाय."

पातेल्यात ज्वारीच्या कण्या रटरटत होत्या. तिने त्या डब्यात काढल्या, डबा पदरात गुंडाळला, छातीशी धरला आणि निघाली. आणि बघा, एवढी घाई असूनही ती रेघा तुडवत गेली नाही. वळसा घालून दारातून गेली.

मग गोविंदशेठ खाकरले. ह्या वेळचा खोकला वेगळा होता. "कमान बाद में देखेंगे," ते म्हणाले. "उस पार्टी को मैं समझा दूंगा."

मी नानांकडे बघितलं. मला वाटलं होतं, आता हे शेखी मिरवतील. ते फक्कीचं घमेलं घेऊन चौकोनापाशी बसले होते आणि गोविंदशेठच्या पायांनी पुसलेली रेघ परत नीट करत होते. नानांची रेघ वाकडी गेलेली मी तेवढी एकदाच बघितली.

निम्मं जमल्यावर त्यांनी मला फ्लेक्सची परवानगी दिली. मी चूल मांडलेल्या त्या बाईचा फोटो मोबाईलवर काढला होता. फोटो असा, की बघणाऱ्याने जागेवर पाकीट काढावं. नानांनी तो बघितला आणि म्हणाले, "पुसून टाक."

"नाना, ह्याच्यासारखी जाहिरात मिळायची नाही!"

"कोणाच्या चुलीत कॅमेरा घालायचा नाही, सुधाकर. तिने भीक मागितली नाही. तिने स्वयंपाक केला."

मला राग आला, पण पुसला. मग आम्ही नुसत्या जागेचा फोटो घेतला. पांढरा चौकोन, मध्ये तीन काळे दगड. खाली एकच ओळ, 'चूल मांडली आहे. भिंती बाकी आहेत.' हात जोडलेला एकही चेहरा नाही. बऱ्हाणपुरात असा फ्लेक्स पहिल्यांदाच लागला असेल. लोक थांबून विचारायचे, हे कोणाचं आहे? आणि देऊन जायचे. यंत्रमागावरचे कारागीर वर्गणी काढून आले. धूलकोटच्या एका भट्टीवाल्याने विटांची ट्रॉली पाठवली. दराबा नावाची मिठाई विकणाऱ्या एका हलवायाने मोठं पातेलंच आणून दिलं. शाळेतल्या बायकांनी एक शेगडी दिली. ज्यांना खोली परवडत नव्हती ते सगळे स्वयंपाकघरात शिरले. शेवटी त्याच्या भिंतीवर नाव लावायचं तर गावाची मतदारयादी लावावी लागली असती. नानांनी तिथे एवढीच पाटी लावली, 'चपला बाहेर काढा.'

इमारत उभी राहिली. प्रत्येक भिंतीला नानांनी ओळंबा लावून बघितला. गवंडी त्यांना दुरून येताना बघूनच कामाला लागायचे. उद्घाटन झालं, हार झाले, मावा जिलेबी झाली. दोन्ही भाऊ आपापल्या खोलीच्या दारात उभं राहून फोटो काढून गेले. संध्याकाळी सगळे पांगल्यावर मी खुर्च्या मोजून घ्यायला गेलो, तर नाना स्वयंपाकघराच्या पायरीवर एकटेच बसलेले. आत धूलकोटचा एक तरणा माणूस शेगडीवर खिचडी करत होता. त्याची बायको भरती होती. त्याला काही येत नव्हतं. पाणी किती घालू, असं नानांना विचारत होता, आणि नानांना तरी कुठे येत होतं!

शेवटी जमली एकदाची. त्याने पातेलं फडक्याने उचललं आणि निघाला. त्याबरोबर नाना ताडकन उठले.

"सरका! सरका! गरम आहे!"

व्हरांड्यातल्या दोन बायका घाबरून बाजूला झाल्या. नाना त्याच्या पुढे धावत सुटले. रस्त्यावर आले, दोन्ही हात पसरून मधोमध उभे राहिले. रिक्षा थांबली, मोटारसायकल थांबली, केळीचा ट्रक थांबला आणि ट्रकवाला शिव्या द्यायला लागला. "थांब रे, गरम आहे!" नाना त्याच्यावर ओरडले. तो माणूस पातेलं घेऊन रस्ता ओलांडून आत गेला. नाना दवाखान्याच्या फाटकाशीच उभे राहिले. मी धापा टाकत त्यांच्याजवळ गेलो.

"नाना, काय हे? मेला असतात ना ट्रकखाली!"

ते माझ्याकडे बघतही नव्हते. वॉर्डाच्या दाराकडे बघत म्हणाले, "तुझ्या काकूला इंदूरला भरती केलं होतं ना, तेव्हा तिला मुगाची पातळ खिचडी पाहिजे होती. गरम. दुसरं काही मागितलं नाही तिने. मी हॉटेलं पालथी घातली. शेवटी लांब एका घरात एका बाईंनी करून दिली. घेऊन पोचेपर्यंत गारढोण. दोन घास खाल्ले. म्हणाली, गार आहे, पण चांगली आहे. सुधाकर, तिला नीट गिळतासुद्धा येत नव्हतं. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली रे."

इतकी वर्षं ह्या माणसाच्या गालाला लावलेल्या चहाला मी हसलो होतो. मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.

तो धूलकोटचा माणूस रिकामं पातेलं घेऊन बाहेर आला. नाना पुढे झाले. "खाल्लं?"

"खाल्लं बाबा. सगळं खाल्लं."

"गरम होतं?"

"तर! फुंकून फुंकून खाल्लं तिनं."

"फुंकून?" नानांनी परत विचारलं.

"हो बाबा, फुंकून."

नाना फाटकाशी उभे राहून ढसाढसा रडले. मग डोळे पुसले, खिशातला ओळंबा चाचपला आणि म्हणाले, "चल, खुर्च्या मोजू. आणि दारातून ये."